ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका: हिवाळ्यात रंगीत माशांवर येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, तूर फुलावर आली आणि पहाटे गोधडी ओढावीशी वाटू लागली, की सांदवाडीत सिमेंटच्या टाक्यांमधून गप्पी, मोली, गोल्डफिश पाळणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. सकाळी खाद्य टाकण्याआधी पाच मिनिटं टाकीजवळ बसून फक्त मासे बघायचे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानात ‘इक’ म्हणतात, आपल्या भागात जोर धरतो तो याच दिवसांत. एप्रिल-मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर राहतं तेव्हा या रोगाच्या जंतूची वाढ खुंटते. थंडीत त्याला मोकळं रान मिळतं.

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे दिसतात, ही खूण बहुतेकांना माहीत आहे. पण दाणे दिसायच्या आधी मासा दोन-तीन दिवस वागण्यातून सांगत असतो. तो टाकीच्या भिंतीला, पाइपला, तळाला अंग घासतो. पर मिटून घेतो. खाद्याकडे धावत येत नाही. दाणे आधी परांवर आणि शेपटीवर दिसतात, मग अंगभर पसरतात. प्रत्येक दाणा फार तर एक मिलिमीटरचा. कधी कधी जंतू नुसत्या कल्ल्यांतच असतो, तेव्हा अंगावर एकही ठिपका नसतो. मासा वर येऊन तोंडानं हवा ओढतो, नाहीतर एअर पंपाच्या बुडबुड्यांपाशी थांबून राहतो, आणि मरतो. अशी मर दिसली की ‘ठिपके नाहीत, म्हणजे इक नाही’ असं धरून चालू नका.

या जंतूचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. १८७६ साली फूके या फ्रेंच संशोधकानं दिलेल्या या नावाचा अर्थ होतो ‘पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ’. ही ऊ नव्हे, एका पेशीचा जीव आहे. पण लेकरांची गोष्ट मात्र अक्षरशः खरी आहे, आणि उपचाराचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

आपल्याला जो दाणा दिसतो, तो माशाच्या कातडीखाली बसून वाढणारा जंतू. वरून कातडीचं पांघरूण असल्यानं पाण्यात टाकलेलं कोणतंही औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाला किंवा भिंतीला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचाच्या आत एकाची शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात. कवच फुटलं की ती मासा शोधत पोहत सुटतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाला सापडतात ती हीच पोहणारी पिल्लं. म्हणजे तुम्ही मीठ टाका की फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण), अंगावरच्या दाण्यांना त्यानं काही होत नाही. दाणे नाहीसे होतात ते पिकून गळून पडल्यामुळे, आणि तेव्हाच तळाशी पुढची पिढी तयार होत असते.

आता यात थंडी धरा. पाणी २५ अंशांना असेल तर हे सगळं चक्र ३ ते ६ दिवसांत फिरतं. १५ अंशांना दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. १० अंशांना महिना किंवा त्याहूनही जास्त. औषधाच्या बाटलीवरचा पाच-सहा दिवसांचा कोर्स घरात ठेवलेल्या कोमट पाण्याच्या काचेच्या टाकीसाठी ठीक. गोंदिया-भंडाऱ्याकडे डिसेंबरच्या पहाटे उघड्यावरच्या टाकीचं पाणी सतरा-अठरा अंशांवर येतं, तिथं तो कोर्स अर्ध्यावर संपतो. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी हीच चूक केली. सहाव्या दिवशी काळ्या मोलीच्या अंगावर एकही दाणा उरला नव्हता, म्हणून औषध बंद केलं आणि निर्धास्त झाले. पुढच्या आठवड्यात अख्खी टाकी पांढरी झाली, आणि या वेळी दाणे कल्ल्यांतही होते. त्या टाकीतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मासे वाचले. तेव्हापासून वहीत शेवटचा दाणा दिसलेली तारीख लिहिते आणि तिथून पुढचे दिवस मोजते: पाणी २५ च्या आसपास असेल तर आणखी एक आठवडा, विशीच्या आसपास असेल तर दोन, आणि १५ कडे झुकलं तर तीन. शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत दाखवणारा साधा थर्मामीटर टाकीत लटकवून ठेवा. तो नसेल तर ही सगळी मोजदाद अंदाजपंचे होते.

सुरुवात मिठापासून करा. आपल्याला हे स्वस्तात आणि गावातच मिळतं. साधं खडे मीठ घ्या, गुरांची चाटण वीट किंवा खनिज मिश्रण नको. प्रमाण लिटरला २ ग्रॅम, आणि गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश यांना ३ ग्रॅमपर्यंत चालतं. टाकीतलं पाणी मोजायला लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणा आणि आलेल्या आकड्याला २८ नं गुणा, लिटर मिळतात. दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट पाणी असलेली टाकी म्हणजे जवळपास १७०० लिटर. तिला लिटरला २ ग्रॅम या हिशेबानं ३ किलो ४०० ग्रॅम मीठ लागेल. ते एकदम ओतू नका. बादलीत विरघळवून, चोवीस तासांत तीन हप्त्यांनी टाका. मांगूर जातीचे, बिनखवल्यांचे मासे असतील तर लिटरला १ ग्रॅमवरच थांबा. टाकीत शेवाळ-वनस्पती असतील तर त्या आधी काढा, मिठानं सडतील. काढलेल्या वनस्पती मात्र दुसऱ्या टाकीत टाकू नका. त्यांच्यावर कवचं चिकटलेली असतात.

एक दिवसाआड तळ सायफननं ओढून काढा. नळी लावून गाळ ओढताना पडलेली कवचं त्याच्यासोबत बाहेर जातात, आणि हे काम मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. चौथा हिस्सा पाणी काढलं तर चौथा हिस्सा मीठ पुन्हा टाकावं लागेल, वरच्या टाकीत ८५० ग्रॅम. नवीन पाणी भरताना घाई नको. हिवाळ्यात बोअरचं पाणी कोमट येतं आणि टाकी सकाळी गार असते. सकाळी सात वाजता लाइन आली म्हणून थेट बोअरचा पाइप सोडला, तर माशाला सहा-सात अंशांचा झटका बसतो. रोग बरा होत आला असला तरी त्या झटक्यानं उलटतो. पाणी आदल्या दिवशी ड्रमात भरून ठेवा आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास, टाकी तापलेली असताना भरा. नळ योजनेचं पाणी वापरत असाल तर त्यातलं ब्लिचिंगचं क्लोरीनही त्या एका दिवसात उडून जातं.

काचेच्या शंभर-दोनशे लिटरच्या टाकीत हीटर बसवता येतो. तिथं दर काही तासांनी एकेक अंश वाढवत पाणी ३० अंशांवर न्या आणि दहा दिवस तिथंच ठेवा. चक्र भराभर फिरतं आणि त्या तापमानाला जंतू तग धरत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. गोल्डफिश आणि कोई कार्प थंड पाण्याचे मासे; त्यांच्यासाठी मीठच बरं. रात्री वीज जाणाऱ्या गावात हीटरवर भिस्त ठेवू नका. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १९ झालं, तर हीटर नसलेलाच परवडला.

मिठाला तीन-चार दिवसांत उतार दिसला नाही आणि मर चालूच राहिली, तरच फॉर्मॅलिनकडे वळा. हजार लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे आपल्या १७०० लिटरच्या टाकीला साधारण ४२. सिरिंजनं मोजा, झाकणानं नाही. बादलीभर पाण्यात मिसळून टाकीभर शिंपडा. पाणी उबदार असेल तर एक दिवसाआड, विशीच्या खाली असेल तर दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि प्रत्येक वेळी मात्रेआधी तळ ओढून पाणी बदला. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू खातं. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर लगेच निम्मं पाणी बदला. रात्री कधीच टाकू नका. तुम्ही झोपलेले असताना टाकी रिकामी होईल. थंडीत बाटलीच्या तळाला पांढरा साका बसलेला दिसला, तर ती बाटली वापरू नका, तो साका माशाला जहाल विषारी असतो. हातमोजे, उघडी जागा, डोळ्यांपासून लांब आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असं कपाट, हे सगळं पाळा. फॉर्मॅलिन आणि लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, एकाच टाकीत एकत्र कधीही नको.

मॅलॅकाइट ग्रीन हे हिरव्या रंगाचं औषध दुकानात सहज मिळतं आणि इकवर चालतंही. पण ते विषारी आहे आणि खाण्याच्या माशांत त्याच्या वापराला आपल्याकडे बंदी आहे. रंगीत माशांसोबत त्याच आवारात रोहू-कटल्याची बोटुकली वाढवत असाल, तर ते आवारात आणूच नका. मोरचूदही टाळा. त्याची मात्रा पाण्याच्या क्षारतेवर ठरते, आणि क्षारता न मोजता टाकलेलं मोरचूद मासे मारतं.

माशांची खेप शहरातून आली की ती वेगळ्या टाकीत तीन आठवडे ठेवा, थंडीत चार. रोग बहुतेक वेळा या वाटेनंच घरात शिरतो. जाळी आणि बादली प्रत्येक टाकीची वेगळी ठेवा. ओल्या जाळीवर जंतू दुसऱ्या टाकीत जातो, पण कडक उन्हात वाळवलेल्या जाळीवर तो टिकत नाही. रिकामी केलेली टाकीही अशीच कोरडी वाळवून मग भरा.

दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका इक असतो असंही नाही. थंडी ओसरताना नर गोल्डफिशच्या गालांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीत पांढरे बारीक फोड येतात. ती प्रजननाची खूण आहे, तिला औषध नको. कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी. कोळंबीतला ‘व्हाइट स्पॉट’ हा विषाणूचा वेगळाच रोग आहे. शंका असेल तर आजारी मासा जिवंत, त्याच्याच टाकीच्या पाण्यात, पिशवीत घालून नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा सूक्ष्मदर्शक असलेल्या जवळच्या प्रयोगशाळेत न्या. कातडीवरून खरवडलेल्या थेंबात गोल गोल फिरणारी पेशी आणि तिच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसलं की निदान पक्कं झालं. मेलेला मासा नेऊन उपयोग नाही, जंतू त्याला सोडून जातो.

नोव्हेंबर संपायच्या आत टाक्यांवर रात्री पांघरायला ताडपत्रीची सोय करा, वरून तणसाचा थर घाला आणि सकाळी ऊन चढलं की काढा. दिवस-रात्रीचा फरक त्यानं कमी होतो. टाकीत गर्दी असेल तर आत्ताच विरळणी करून घ्या. आणि मिठाचं पाणी उपसाल तेव्हा ते संत्र्याच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नका, संत्र्याला खार सोसत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे जाणाऱ्या नालीतही ते जाऊ देऊ नका, मग त्यात मासे असोत वा नसोत. पडीक जागेत शोषखड्डा करून तिथं जिरवा.