मेलेलं माणूस परत आणणारी मालिका घरातल्या मुलांबरोबर कशी बघायची

ताईला जाऊन दीड वर्ष झालं. तिची मुलगी आता माझ्याकडे पंचवटीत असते, दहावीत आहे. आम्ही तिला चिऊ म्हणतो. आई गेल्यावर तीन-चार महिन्यांनी ती रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन एक जुनी अमेरिकन मालिका बघायला लागली, 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'. भुताखेतांचं काही तरी असेल, बघू दे, असं मला वाटलं. एका रात्री तिने कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "मावशी, मंत्राने आई परत आणता आली असती तर तू आणली असतीस का?"

मी म्हणाले, "झोप आता, उद्या शाळा आहे."

ते माझं चुकलं. त्यानंतर मी ती मालिका स्वतः बघितली आणि मग तिच्याबरोबर पुन्हा बघितली. ज्यांच्या घरात माणूस गेलंय आणि पोर असलं काही एकटं बघतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी आपण एकट्याने बघून घ्या. कुठे काय येतं हे माहीत नसेल तर नेमक्या वेळी आपणच उठून स्वयंपाकघरात जातो. मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा. रात्री नको, रविवारी जेवणं झाल्यावर बसा. रिमोट मुलाच्या हातात द्या. कुठे थांबायचं ते त्याला ठरवू द्या.

सुरुवात जादूच्या भागापासून करू नका. पाचव्या पर्वात 'द बॉडी' नावाचा भाग आहे, 2001 सालचा. बफी घरी येते आणि आई सोफ्यावर मरून पडलेली असते. त्या भागाला पार्श्वसंगीत नाही. नुसते आवाज आहेत, श्वासाचे, पावलांचे. त्यात आईला कुणी परत आणू शकत नाही. हा भाग आधी बघितला की पुढे जादू आली तरी ती कशाच्या बदल्यात मागितली जातेय हे मुलाला नीट कळतं.

पुढचा भाग 'फॉरएव्हर'. बफीची धाकटी बहीण डॉन आईला परत आणायचा मंत्र मिळवते. डॉन चिऊच्याच वयाची. तिला आधीच सांगितलेलं असतं की येईल ती आई जशीच्या तशी नसेल, आणि मंत्र मोडायचा तर आईचा फोटो फाडायचा. शेवटी अंगणातून पावलं वाजतात, खिडकीच्या पडद्यावरून सावली सरकते, दारावर थाप पडते. इतका वेळ खंबीर राहिलेली बफीच "आई?" म्हणत दाराकडे धावते. ती दार उघडायच्या आत डॉन फोटो फाडते. दाराबाहेर कुणी नसतं.

चिऊने तिथे थांबवलं. पंधरा मिनिटं आम्ही काही बोललो नाही. अशा वेळी घाईने "बघ, म्हणून असं करायचं नसतं" म्हणू नका. आई परत यावी असं वाटणं यात पाप नाही. डॉनने मंत्राचं पुस्तक उघडलं म्हणून मी तिला दोष देणार नाही.

मग बोलायचं काय? मी एकच प्रश्न धरून बसते: गेलेल्या माणसाला कुणी विचारलं का?

हा प्रश्न सहाव्या पर्वात खरा लागतो. पाचव्या पर्वाच्या शेवटी बफी स्वतः मरते. तिची मैत्रीण विलो आणि बाकीचे तिला मंत्राने उठवतात. ती नरकात अडकली असेल, तिला सोडवायचंय, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतलेली असते. बफी मातीखाली, बंद शवपेटीत जागी होते आणि हातांनी उकरत वर येते. नंतर कळतं की ती जिथे होती तिथे ती शांत होती, सुखी होती. हे ती मैत्रिणींना बरेच दिवस सांगत नाही, कारण त्यांना वाटत असतं आपण तिच्यावर केवढे उपकार केले. उपकारांखाली दबून गप्प राहिलेलं माणूस टीव्हीवर इतकं खरं मी क्वचितच पाहिलंय.

तिथे मुलाला एक काम द्या: लपवाछपवी कुठून सुरू झाली ते शोध. चिऊने लगेच दाखवलं. मंत्रासाठी विलो जंगलात हरणाचं पाडस मारते, आणि रक्त कुठून आणलं हे सोबत्यांना खरं सांगत नाही. दुःखापोटी केलेली गोष्ट जवळच्यांपासूनच लपवावी लागली, की किंमत भलतंच कुणी तरी मोजतंय असं समजा.

किमतीसाठी 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला द्रोगोचा प्रसंगही आहे. बायको नवऱ्याचा जीव मागते, पोटातलं बाळ जातं आणि नवरा नुसता श्वास घेणारा देह होऊन उरतो. तो दहावीतल्या मुलीला दाखवू नका, सांगा. मी सांगितला. त्याऐवजी 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ही 2009 ची जपानी कार्टून मालिका चालेल, तीही थोडी जपून. दोन भाऊ आईला परत आणायला जातात, एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर. भावाचा जीव तरी राखायला पहिला मग हातही देतो. आणि जे आलेलं असतं ते आईचं नसतंच.

आपल्याकडची कचाची गोष्टही सांगा. देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य संजीवनीने त्याला पुन्हा पुन्हा उठवतात. मग ती लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो आणि ती शाप देते. जीव दिला म्हणजे माणूस आपलं झालं का? यावर चिऊ माझ्याशी तासभर भांडली, देवयानीच्या बाजूने.

एवढं झाल्यावर मुलं पहिल्या प्रश्नाकडे परत येतात. खरं उत्तर द्या. मी म्हणाले, "मनात शंभरदा आलं असतं. पण शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाली होती, आता सुया नकोत. तिला विचारल्याशिवाय नसतं आणलं." चिऊला हे माहीत नव्हतं. आम्ही मोठ्यांनी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. ती रागावली, बरोबरच होतं.

मग मी तिला दहाव्याची आठवण दिली. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं असं आपण मानतो. ताईचा पिंड ठेवला होता, कावळे समोरच्या पत्र्यावर, एक खाली उतरेना. भावोजींनी हात जोडले, "चिऊला काही कमी पडू देणार नाही." काही नाही. माझी आई म्हणाली, "पोर मावशीकडे राहील." तरी नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "मशीनवर बायकांचे ब्लाउज अर्धे राहिलेत, ते पुरे करून देऊ गं." आणि कावळा उतरला.

कावळ्याला काय कळतं, या वादात मला पडायचं नाही. पण वीस माणसं उन्हात उभी राहून पाऊण तास एकच विचार करत होती, ताईला काय हवं असेल. बफीच्या मैत्रिणींनी हेच केलं नव्हतं.

ही चर्चा मालिकेपुरती ठेवू नका, कारण मंत्र आता मोबाइलमध्ये आलाय. गेल्या महिन्यात एका भाच्याने घरच्या ग्रुपवर ताईचा फोटो टाकला, हलणारा. ताई पापण्या मिटते, मान वळवते आणि हसते. सगळ्यांनी हात जोडले. चिऊने दोनदा बघितला आणि मला म्हणाली, "आई फोटोत दात दाखवायची नाही."

खरंच. ताईचा पुढचा एक दात तिरका होता, त्यामुळे ती कायम ओठ मिटून हसायची. त्या व्हिडिओत सगळे दात सरळ होते. मी भाच्याला फोन केला. त्याने प्रेमानेच केलं होतं, त्याला वाईट वाटलं, पण लगेच काढून टाकला. खरा फोटो शिलाई मशीनच्या वर टांगलाय, ओठ मिटलेला. त्याच्याखाली बसून चिऊ आता उलटी टीप घालायला शिकतेय.