पूर का आला? कारण शोधायची वही

२०१९ च्या आश्लेषा नक्षत्रात आमच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी आलं. जनावरं आदल्या रात्रीच माळावर नेली होती म्हणून वाचली. माडीवर बसून आम्ही खालचं पाणी बघत होतो. भावजी म्हणाले, वरच्या धरणाची दारं उघडली. चुलतसासरे म्हणाले, आलमट्टीची फूग, म्हणजे कृष्णेवरच्या खालच्या धरणाचं मागे तुंबलेलं पाणी. मुलगा म्हणाला, ग्लोबल वॉर्मिंग. सासूबाई म्हणाल्या, आश्लेषा असाच कोसळतो. मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला, पण त्या दिवशी यातलं खरं काय ते मला सांगता आलं नाही. म्हणून वही घातली. कर्नाटकातल्या आमच्या निपाणी-चिकोडी भागात नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही ती घालता येईल.

सगळ्यात आधी वेळ लिहा. कारण आधी घडतं, परिणाम मागून येतो, आणि माणूस घाबरला की नेमकं हेच उलटंपालटं होतं. गोठ्याच्या खांबावर गेरूनं रेघ मारा, शेजारी तास घाला, दर दोन तासांनी नवी रेघ. धरणाच्या विसर्गाचे निरोप मोबाइलवर येतात, त्यांची वेळही लिहा. आमच्याकडे पाणी पहाटे चारला शिरलं. विसर्ग वाढवल्याचा निरोप सकाळी नऊचा, आणि वाढ त्यानंतर होणार होती. शिवाय धरणातून सुटलेलं पाणी लगेच दारात येत नाही, त्याला वाटेत कित्येक तास लागतात. म्हणजे पहाटेच्या पाण्याला तो विसर्ग कारण असूच शकत नव्हता. पुढच्या दोन दिवसांत त्यानं भर घातली असेल, पण ते वेगळं वाक्य आहे. वहीत ते वेगळ्या ओळीवर लिहायचं.

मग पाणी कुठलं, ते बघा. सीमाभागात याचा फार गोंधळ होतो, कारण पाऊस पडतो महाराष्ट्रातल्या घाटात आणि पूर येतो आपल्याकडे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की वेदगंगेकाठची माणसं सामान बांधायला लागतात. ते पाणी भोगावतीचं. ते पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत जातं, वेदगंगेत नाही. वेदगंगेवर वर पाटगावचं धरण आहे, दूधगंगेवर काळम्मावाडीचं, सुमारे २५ टीएमसीचं, म्हणजे २५ अब्ज घनफुटांचं. भोजजवळ या दोन्ही नद्या एक होतात आणि पुढे कल्लोळ-यडूरच्या बाजूला कृष्णेला मिळतात. तरीही कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आकडा आपण बघायचाच, कारण कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणजे राधानगरी आणि कोयनेचं पाणी आपल्या दारात स्वतः येत नाही, पण आपल्या पाण्याची वाट अडवू शकतं. एका कागदावर नद्यांच्या रेघा ओढून हे एकदा घरात सगळ्यांना समजावून सांगा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

आलमट्टीची शंकाही अशीच तपासायची. फूग खालून वर चढत येते. आलमट्टीमुळे पाणी आलं म्हणायचं तर आधी आलमट्टीच्या वरच्या हिप्परगी बंधाऱ्याकडे पातळी वाढलेली दिसली पाहिजे, मग आपल्याकडे, आणि त्या दिवशी आलमट्टीचा साठा पूर्ण पातळीजवळ, म्हणजे ५१९.६० मीटरजवळ असायला हवा. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात सांगली-कोल्हापूरच्या पुराला आलमट्टी जबाबदार नसल्याचं म्हटलं. चुलतसासऱ्यांना ते पटत नाही. मी त्यांना म्हणते, मामा, पुढच्या पुराला दोन्हीकडची पातळी रोज लिहू या आणि मग बोलू.

आता आमच्या गोठ्याचं. पाणी ओसरल्यावर लगेच धुवायला घेऊ नका, आधी गाळ बघा. नदीचं पाणी तांबूस असतं, घाटातली माती घेऊन येतं. आमच्या भिंतीवरचा गाळ काळा होता, आणि गव्हाणीत कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या अडकल्या होत्या. त्या निघाल्या ओढ्याच्या वरच्या रानातल्या. म्हणजे पहिलं पाणी नदीचं नव्हतंच, ओढ्याचं होतं. ओढ्यावर पूर्वी फरशी होती, पाणी वरून निघून जायचं. काही वर्षांपूर्वी रस्ता उंच केला आणि खाली सिमेंटच्या दोन नळ्या टाकल्या. त्यांत उसाचं पाचट जाऊन बसलं होतं.

ओढ्यात किती पाणी आलं याचा हिशेब घरी करता येतो. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टी बुडवून मोजा. १०० मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला तर सुमारे दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला चाळीस टँकर. आमच्या ओढ्याला दोनशे एकराचं पाणी येतं, म्हणजे आठ हजार टँकर. जमीन कोरडी असती तर त्यातलं बरंच मुरलं असतं. पण आधी आठ दिवस झड लागलेली, काळी माती फुगून बसलेली, मुरायला जागाच नव्हती. म्हणून डब्याचा आकडा एका दिवसाचा लिहू नका, मागच्या आठ दिवसांची बेरीजही शेजारी मांडा.

इतकं जमलं की प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहायचा: ते नसतं तर? पाऊस नसता तर गोठा बुडाला नसता. आधीची झड नसती तर पाणी आलं असतं, पण कमी. नळ्या मोठ्या असत्या तर पाणी अंगणातून गेलं असतं, कमरेपर्यंत चढलं नसतं. एका पुराला चार-पाच कारणं असतात आणि त्यांतलं एक खरं ठरलं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

मुलाच्या उत्तराला हाच प्रश्न लावायचा, फक्त जपून. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस प्रत्येक वेळी नेमका तेवढाच वाढतो असं नाही, पण एकराच्या चाळीस टँकरांत तीनेक टँकरांची भर म्हणजे काय ते कळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर होणारी अतिवृष्टी सुमारे तिप्पट वेळा होऊ लागली आहे. एकाच पुराबद्दल बोलायचं तर शास्त्रज्ञ संगणकावर न तापलेलं जग मांडतात आणि तिथं असा पाऊस किती वेळा पडला असता ते बघतात. तेही ‘ते नसतं तर’च झालं. म्हणून ‘हवामानबदलानं पूर आणला’ असं लिहू नका. ‘असा पाऊस पडण्याची शक्यता आणि त्याचा जोर वाढला आहे’ असं लिहा. सासूबाईंचंही खोटं नाही, आश्लेषात पाऊस असतोच. प्रश्न किती आणि किती वेळात, हा आहे.

सगळंच तापमानवाढीच्या खात्यावर टाकायचं नाही, हेही मुलांना सांगा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप हवेमुळे झाला नाही. त्याचा संबंध जलाशयाच्या पाण्याशी जोडतात. आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, त्यामागे एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, होता. त्या महिन्यात डबा रिकामाच राहायचा, तरी मी रोज शून्य लिहीत होते. कोरडे दिवस लिहिलेच नाहीत तर वही फक्त पुराचीच बाजू सांगेल.

या वहीवरून आम्ही रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्याच्या मोरीसाठी अर्ज केला. आपल्याकडे अर्ज कन्नडमध्ये लागतो, शाळेतल्या कन्नड शिकलेल्या एका मुलीनं तो लिहून दिला. तारखा, तास, मिलिमीटर आणि खांबावरच्या रेघांचा फोटो मात्र वहीतून जसेच्या तसे गेले. ‘नदीला पूर आला म्हणून नुकसान झालं’ असं लिहिलं असतं तर गंजी केंद्राची, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा-जेवणाच्या केंद्राची, यादी झाली असती, मोरीचं नाव निघालं नसतं. मोरी अजून व्हायची आहे. तोवर दर वर्षी मृगाआधी आम्ही चार घरं मिळून त्या दोन नळ्यांतलं पाचट काढतो आणि काढल्याची तारीखही वहीत लिहितो.