छोटे डोमेन घेण्यापूर्वी त्याची किंमत कशी ठरवावी

ठाण्यात फ्लॅट घेताना आपण दलालाच्या आकड्यावर विसंबत नाही. त्याच इमारतीतले इंडेक्स-टू काढून प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाले ते पाहतो. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, बाबतीत मात्र हीच सावध माणसे विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजेच बाजारभाव असे धरून चालतात, आणि तिथेच फसतात.

सुरुवात अक्षरांपासून करावी. इंग्रजी वर्णमालेतून तीन अक्षरी डॉट कॉम नावे १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६ एवढीच होऊ शकतात. तीन अक्षरी सगळी केव्हाच नोंदली गेली आहेत. पण दुर्मीळ आहे म्हणून गिऱ्हाईक असतेच असे नाही. २०१५ मध्ये चिनी खरेदीदारांमुळे स्वर आणि व्ही नसलेल्या चार अक्षरी नावांचे भाव भराभर चढले आणि पुढच्याच वर्षी उतरले.

दुसरी पायरी कानाची आहे, आणि मराठी शब्दांच्या बाबतीत मी तिला सर्वांत जास्त महत्त्व देतो. जांभळी नाक्यावरच्या एखाद्या दुकानदाराला फोनवर ‘वाडा’ हे नाव सांगा आणि रोमन अक्षरांत लिहायला लावा. व्ही की डब्ल्यू, पहिला ए एक की दोन, एवढ्यातच चार रूपे तयार होतात. तुमच्याकडे त्यांतले एकच असेल, तर उरलेल्या तिघांकडे तुमचे गिऱ्हाईक चुकून जाईल, आणि हा तोटा किमतीतून वजा करायलाच हवा. ‘ठ’ आणि ‘थ’ दोन्ही टीएचनेच लिहिले जातात, त्यामुळे तिथे उलटी अडचण येते: लिहिलेले नाव कसे वाचावे हे कळत नाही. ‘मन’सारखे शब्द त्या मानाने सरळ आहेत.

त्यानंतर नेमबायोसारख्या, डोमेनच्या झालेल्या विक्रीची माहिती ठेवणाऱ्या नोंदींमधून तेवढ्याच लांबीच्या, त्याच विस्ताराच्या (म्हणजे शेवटी डॉट कॉम, डॉट इन वगैरे असलेल्या) नावांचे झालेले व्यवहार काढावेत. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला विकले गेले, पण तो अपवाद आहे. त्यावरून डॉट इनचा भाव ठरवू नये.

कायद्याची बाजू टाळू नका. व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत नाव शोधा. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केले आहे, आणि डॉट इनच्या वादांसाठी स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे. दुसऱ्याच्या नावावर डोळा ठेवून घेतलेले डोमेन पैशांसकट जाऊ शकते. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्यावर पूर्वी काय चालत होते तेही पाहा. जुगाराचा किंवा फसवणुकीचा इतिहास असलेले नाव मी स्वस्तातही घेणार नाही.

पैसे एस्क्रोमार्फत, म्हणजे रक्कम सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फतच द्यावेत, म्हणजे नाव आपल्या खात्यात येईपर्यंत विक्रेत्याच्या हाती रक्कम पडत नाही.

खर्चाचा हिशेब आधीच मांडा. समजा, पन्नास नावे घेतली आणि प्रत्येकाचे नूतनीकरण वर्षाला हजार रुपये असेल, तर एकही विक्री न होता पाच वर्षांत अडीच लाख जातील. त्यापेक्षा नीट पारखलेली दोन-तीन नावे बरी. डोमेनची मालकी कायमची नसते, मुदतीपुरता हक्क असतो, आणि डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठीच नोंदवता येते. म्हणून खरेदीच्याच दिवशी आपोआप नूतनीकरण सुरू करा आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत केव्हा संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.