मांजर चावल्यावर या चुका टाळा

मांजर चावलं की आपण आधी रक्त किती आलं ते बघतो. टाचणी टोचल्यासारखी दोन भोकं, रक्ताचे दोन थेंब. ‘काही नाही, जरासं लागलंय’ म्हणून विषय तिथेच सोडून देतो. ही चूक सगळ्यात महागात पडते. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. ते खोल रुततात, वरची कातडी मिटते आणि जिवाणू आत कोंडले जातात. त्यांतला नेहमीचा म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. ठणठणीत मांजरांच्या आणि बऱ्याच कुत्र्यांच्याही तोंडात तो असतोच. त्यामुळे ‘आमच्या माऊला सगळ्या लशी दिल्यात’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही.

‘उद्या बघू’ हेही नको. हा संसर्ग फार वेगाने चढतो, बऱ्याचदा 24 तासांच्या आत. सकाळी चावा आणि रात्री हात लाल, गरम, ठणकणारा. बोटावर, मनगटावर किंवा सांध्याजवळ चावा असेल तर सुजेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तिथे कातडीच्या अगदी खालीच स्नायुबंध आणि सांधे असतात. बोट अर्धवट वाकलेलं राहिलं आणि सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर संसर्ग आत पोहोचला असू शकतो. मग ऑपरेशन करून पू धुवावा लागतो, बोट कायमचं आखडूही शकतं.

जखमेवर नुसतं मलम फासू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून 15 मिनिटं धुवा.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, सेफॅलेक्सिन ही एरवी त्वचेच्या संसर्गावर चालणारी औषधं या जिवाणूवर भरवशाची नाहीत. अशा वेळी डॉक्टर सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि कृपा करून ‘काहीतरी टोचलं’ असं मोघम बोलू नका, मांजर चावलं असंच सांगा. औषध त्यावरच ठरतं. रेबीज आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांचंही तेव्हाच विचारा. रेबीजची लस घेतली म्हणजे हा संसर्ग टळला, असं मात्र नाही.

मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल, पाणथरी (प्लीहा) काढलेली असेल, तर चावा कुठेही असो, त्याच दिवशी दाखवा. उघड्या जखमेवरून जनावराने जीभ फिरवली तरी हेच.

औषध सुरू झाल्यावर लालीच्या कडेने पेनाने रेघ आखून ठेवा. लाली रेघेबाहेर पसरली, हातावरून वर लाल पट्टा चढला किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या गोळीची वेळ बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.