एचआयव्ही आणि मेंदूतलं रसायन: स्पेक्ट्रोस्कोपी करताना या चुका टाळा

भोसरीची एड्स संशोधन संस्था, जुनं नाव ‘नारी’, 1992पासून आहे आणि एमआरआय सेंटर तर आता प्रत्येक चौकात झालंय. त्यामुळे पुण्यात एचआयव्ही आणि स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआय यंत्रानेच मेंदूतली रसायनं मोजणं, या विषयावर प्रबंध घेणारे विद्यार्थी अधूनमधून भेटतातच. येतात ते हातात आलेख घेऊन: ‘सर, काहीच फरक दिसत नाहीये.’ बहुतेक वेळा फरक असतो, पण तो स्कॅनच्या आधीच हरवलेला असतो.

पहिली चूक म्हणजे यंत्रावर आधीच सेव्ह असलेला प्रोटोकॉल तसाच चालवणं. तो बहुधा ट्यूमरसाठी लावलेला असतो, इको टाइम (लहर सोडल्यापासून सिग्नल पकडेपर्यंतचा वेळ) 135 किंवा 144 मिलिसेकंदांचा. कोलीन आणि एनएए (एन-असिटिल-अस्पार्टेट) ही रसायनं त्यात छान दिसतात, पण आलेखाच्या आडव्या पट्टीवर 3.5 पीपीएमजवळ येणारं मायो-इनोसिटॉल जवळजवळ गायब होतं. आपल्याला हवं असतं नेमकं तेच. एचआयव्ही चेतापेशींत घर करत नाही. तो मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या मेंदूतल्या संरक्षक पेशींमध्ये राहतो. म्हणून सुरुवातीला ग्लियाच्या (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या) खुणा, म्हणजे मायो-इनोसिटॉल आणि कोलीन वाढतात. चेतापेशींची खूण असलेलं एनएए ठळकपणे घटतं ते सहसा पुढे, त्रास दिसू लागल्यावर. तेव्हा इको टाइम 30 ते 35 मिलिसेकंद ठेवा.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सगळी रसायनं क्रिएटिनने भागायची, कारण ‘क्रिएटिन स्थिर असतं’, असं आम्हाला शिकवलं होतं. एचआयव्हीत त्यावर विसंबता येत नाही. क्रिएटिन ग्लियामध्ये जास्त असतं, त्यामुळे ग्लिया चेकाळल्या की तेही हलतं. एनएए भागिले क्रिएटिन कमी आलं, तर वरचा आकडा घटला की खालचा वाढला? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि गाइडने नेमका तोच प्रश्न विचारला.

मग पाण्याचा सिग्नल संदर्भ म्हणून घ्यावा, तर दुसरीच भानगड. मेंदू थोडा आकसलेला असेल तर 8 मिलीच्या व्होक्सेलमध्ये (मोजणीसाठी निवडलेल्या मेंदूच्या ठोकळ्यात) 2 मिली नुसतं मेंदूजल, म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव, येतं. त्यात ही रसायनं नगण्य असतात, म्हणून सगळेच आकडे साधारण पाव हिश्शाने पडतात. विद्यार्थी खूश होतो, ‘एनएए घटलं!’ अहो, एनएएबरोबर सगळंच घटलंय. एमआरआयच्या टी-वन चित्रावरून व्होक्सेलमधला करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूजल वेगळं मोजा, मग दुरुस्ती करा. क्रिएटिनशी काढलेल्या गुणोत्तरात ही अडचण आपोआप कटते, लोकांना ते आवडतं ते त्यामुळेच. मी दोन्ही आकडे छापतो.

व्होक्सेल लहान करण्याचा मोह आवरा. 2 सेंटिमीटरचा घन, 2 सेकंदांचा टीआर (एका आवर्तनाचा वेळ), 128 आवर्तनं: झाली 4 मिनिटं 16 सेकंद. बाजू 1 सेंटिमीटर केली की आकारमान आठपट घटतं, आणि तेवढाच स्वच्छ सिग्नल हवा असेल तर आवर्तनं चौसष्टपट लागतात. म्हणजे साडेचार तास. इंदापूरहून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस तेवढा वेळ त्या नळीत पडून राहील का?

आलेख बिघडलाच तर आधी आकार बघा. कोलीन आणि क्रिएटिनची टोकं एकमेकांत मिसळली असतील तर शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, कच्चं आहे. कपाळामागच्या हवेच्या पोकळ्यांपासून व्होक्सेल मागे सरकवा. 1.3 पीपीएमला मोठा उंचवटा आला तर बहुधा कवटीवरची चरबी आत शिरलीय, तिचा सिग्नल दाबणारा सॅचुरेशन बँड लावा. तो तरीही गेला नाही तर क्षयाची गाठ नाही ना, हे रेडिओलॉजिस्टला दाखवा. क्षयाच्या गाठीतही चरबीची टोकं तिथेच येतात. टोक हळूहळू सरकत असेल तर आधी डीटीआय (मेंदूतल्या तंतूंचा स्कॅन) चालवलं होतं का, ते तपासा. त्याने यंत्रातल्या ग्रेडिएंट कॉइल तापतात आणि फ्रीक्वेन्सी वाहवते. स्पेक्ट्रोस्कोपी आधी उरकावी, हे बरं.

तुलनेचा गट मात्र सगळ्यात जास्त घात करतो. रुग्ण पंचेचाळिशीचे, आणि ‘निरोगी’ कोण? होस्टेलवरचे पंचविशीतले रेसिडेंट डॉक्टर, चहा-वडापावच्या बोलीवर आणलेले. वयानेही मायो-इनोसिटॉल वाढतं. तेव्हा जे सापडलं ते एचआयव्हीचं की वीस वर्षांच्या अंतराचं? वय, शिक्षण, दारू, हिपॅटायटिस सी हे सगळं जुळवा. बी-12 तपासून घ्या, शाकाहारी घरांत तर हमखास. रुग्ण एचआयव्हीच्या औषधांपैकी एफाव्हिरेन्झवर होता की डॉल्युटेग्राव्हिरवर, तेही लिहून ठेवा. पहिल्या औषधाने झोप आणि स्वप्नं बिघडतात, आणि चाचणीच्या दिवशी माणूस पेंगत असतो.

एक चूक यंत्राबाहेरची. एका ठिकाणी कन्सोलवर अभ्यासाचं नाव ‘एचआयव्ही ब्रेन’ असं टाकलेलं होतं. काचेपलीकडे पेशंटचा मेहुणा उभा होता, आणि त्याला इंग्रजी वाचता येत होतं. 2017च्या कायद्याने ही माहिती गोपनीय आहे. पण त्या दुपारी कायदा कुणालाच आठवला नाही. पेशंट बाहेर आला तेव्हा मेहुणा त्याच्याकडे न बघताच निघून गेला. आता आमच्याकडे पडद्यावर फक्त कोड नंबर असतो, आणि नातेवाईकांची खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवलेली.