एआय असिस्टंटला चालू रेपल जोडताय? या चुका टाळा

असिस्टंटने एका फंक्शनचं नाव बदललं, रेपलमध्ये (चालू प्रोग्रामला कोड देऊन लगेच उत्तर बघायची खिडकी) चालवून पाहिलं, उत्तर बरोबर आलं आणि काम झाल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम नव्याने सुरू केला, तर लगेच एरर. एका फाइलीत जुनंच नाव राहून गेलं होतं. मग आदल्या दिवशी चाललं कसं? जुनं फंक्शन फाइलीतून गेलं होतं, पण चालू प्रोसेसच्या मेमरीत तसंच होतं. असिस्टंटने जे पाहिलं, तेच सांगितलं होतं. त्याला जुनी मेमरी दाखवली होती मीच.

फाइलीत आहे तेच प्रोसेसमध्ये आहे असं धरून चालणं, ही या जोडणीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. पायथॉनमध्ये मॉड्यूल रीलोड केलं तरी 'फ्रॉम' वापरून आधीच इम्पोर्ट केलेली नावं जुन्या फंक्शनलाच बांधलेली राहतात, आणि आधी बनवलेले ऑब्जेक्ट जुन्या क्लासचेच राहतात. आयपायथॉन या पायथॉनच्या रेपलमधलं ऑटोरीलोड यातलं बरंच सांभाळतं, पण सगळं नाही. क्लोजर या भाषेत फाइल पुन्हा लोड केली की नवी व्याख्या येते, पण फाइलीतून खोडलेली व्याख्या नेमस्पेसमधून (नावांच्या गटातून) आपोआप जात नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये सेल (कोडचे तुकडे) कुठल्याही क्रमाने चालवता येतात, त्यामुळे वरून खाली वाचताना बरोबर दिसणारं नोटबुक प्रत्यक्षात भलत्याच क्रमाने चाललेलं असू शकतं.

प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट करायचं म्हटलं, तर रेपल जोडण्यात अर्थच उरत नाही. लोड केलेला डेटा, उघडी कनेक्शन, अर्धवट झालेलं गणित असिस्टंटला प्रत्यक्ष तपासता यावं, म्हणून तर ही खटपट. मी त्याच्या सूचनांच्या फाइलीत दोन ओळी ठेवते: बदल आधी फाइलीत कर आणि तीच फाइल रेपलमध्ये लोड कर, काम संपलं असं म्हणण्याआधी टेस्ट अगदी नव्या प्रोसेसमध्ये चालव. दुसरी ओळ गाळू नका.

काहींची अडचण त्याआधीच येते, जोडणीच होत नाही. हल्ली बहुतेक जण मध्ये एमसीपी सर्व्हर ठेवतात (असिस्टंटला बाहेरची साधनं जोडण्याचा हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला). सर्व्हर त्याच मशीनवर असेल, तर असिस्टंट आणि सर्व्हर यांचं बोलणं सहसा स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जेसन-आरपीसी या ठरावीक साच्याच्या संदेशांत चालतं. त्या आउटपुटवर सर्व्हरचा एखादा साधा प्रिंट किंवा सुरुवातीचा स्वागताचा मजकूर गेला, तरी समोरच्याला तो संदेश म्हणून वाचता येत नाही. कारण शोधायला आपण आणखी प्रिंट टाकतो आणि दुखणं वाढतं. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवा. कमांड टर्मिनलमध्ये चालते पण डेस्कटॉप अ‍ॅपला सापडत नाही, असं असेल तर कॉन्फिगमध्ये तिचा पूर्ण पाथ द्या. अ‍ॅपला टर्मिनलमधली, कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी मिळतेच असं नाही.

एन-रेपलचा (क्लोजरच्या, नेटवर्कवरून जोडता येणाऱ्या रेपलचा) पोर्ट तुम्ही ठरवून दिला नसेल, तर तो दर वेळी बदलतो. तो नंबर प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत लिहिलेला असतो. प्रोसेस जबरदस्तीने मारली तर ती फाइल मागे राहते, आणि असिस्टंट बंद पडलेल्या पोर्टवर धडका देत बसतो.

कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुमचं मशीन नव्हे. इथे अडलं की लोक सरळ ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्कसाठी, पोर्ट उघडतात. एन-रेपल मुळात पासवर्ड विचारत नाही. पोर्टपर्यंत जो पोचेल, तो त्या प्रोसेसच्या अधिकाराने हवा तो कोड चालवू शकतो. कंटेनरच्या आत ०.०.०.० लागलं तरी बाहेरच्या मशीनवर तो पोर्ट फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशीनपुरता, पब्लिश करा. दूरच्या सर्व्हरसाठी एसएसएच टनेल (सुरक्षित जोडणी) वापरा.

जोडणी जमली आणि मध्येच सगळं थिजलं, तर आधी पाहा की कोड कुणाकडून इनपुटची वाट पाहतोय का, की न संपणारी यादी छापतोय. असिस्टंटच्या बाजूने टाइमआउट लावला म्हणजे काम थांबलं असं नाही. त्याने वाट पाहणं सोडलं, एवढंच. आत कोड चालूच असतो आणि त्याच सेशनची पुढची विनंती मागे रांगेत अडकते. टाइमआउटनंतर इंटरप्टही पाठवायला हवा. क्लोजरमध्ये छापण्याच्या लांबीला मर्यादा घाला. मोठ्या डेटाफ्रेमच्या पहिल्या पाच-दहा ओळीच मागवायला सांगा, नाहीतर संभाषणाची सगळी जागा त्यातच संपते. कोड भलत्याच नेमस्पेसमध्ये चालल्यानेही 'नाव सापडत नाही' असा एरर येतो, तेव्हा आधी नेमस्पेस तपासा.

रेपलमध्ये जे छापलं जातं, ते मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालत असेल तर तिथे जातं. असिस्टंटने तपासणीसाठी सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापले, तर डेटाबेसचा पासवर्ड आणि एपीआय कीज त्यात आल्याच. म्हणून ही प्रोसेस सुरू करताना खऱ्या कीज देऊच नका; चाचणीचा डेटाबेस आणि फक्त वाचता येईल असा युजर द्या. प्रॉडक्शनच्या रेपलला असिस्टंट जोडू नका. एखादी अडचण फक्त तिथेच दिसत असेल, तर रेपलमध्ये स्वतः बसा, आणि असिस्टंटने सुचवलेली प्रत्येक ओळ वाचून आपल्या हाताने टाका.