मित्राला घेऊन इंग्लंडच्या नदीवर एक दिवस गळ टाकायचा असेल तर

गावाकडं काठी, तंगूस आणि डब्यात गांडुळं घेतली की झालं, इथे इंग्लंडात तसं चालत नाही, आधी दोन परवानग्या लागतात आणि नवीन माणूस हमखास एकच काढून येतो. पहिली म्हणजे रॉड लायसन्स, म्हणजे गळाच्या काठीचा परवाना, ते सरकारी साईटवर पाच मिनिटांत निघतं, एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा वर्षाचं. वय १३ च्या पुढे प्रत्येकाला लागतं, १३ ते १६ वाल्यांना फुकट असतं पण काढावं लागतंच. दोघांत एक रॉड आलटून पालटून धरणार असाल तरी दोघांचं हवं, "मी फक्त धरला होता" हे बेलिफ, म्हणजे काठावर लायसन्स तपासणारा अधिकारी, ऐकून घेत नाही, आणि दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. दुसरी परवानगी त्या काठाची. लायसन्स आहे म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही, काठ बहुतेक वेळा कुठल्यातरी क्लबचा किंवा शेतमालकाचा असतो, त्याचं डे तिकीट वेगळं. जवळच्या टॅकलच्या, म्हणजे गळाच्या सामानाच्या, दुकानात जाऊन विचारा, मॅगट (आमिषाच्या माशीच्या अळ्या) तिथूनच घ्यायचे असतात, आणि काउंटरवरचा माणूस गप्पांत जे सांगतो ते यूट्यूबवर मिळत नाही.

आणि हो, १५ मार्च ते १५ जून नदीवर कोर्स फिशिंग पूर्ण बंद. कोर्स म्हणजे सामन-ट्राउट सोडून बाकीचे गोड्या पाण्यातले मासे, रोच, डेस, चब, पर्च, बार्बेल, पाईक वगैरे, आणि बंदी त्यांच्या विणीसाठी असते. १६ जूनला सुरू होतं तेव्हा काठावर जत्रा असते, मला विचाराल तर नवीन मित्राला ऑक्टोबरात न्या. पाण्यातलं गवत बसलेलं असतं, बोटी कमी झालेल्या असतात, मासे थंडीआधी खात असतात.

आता नदी. आमच्या रेडिंगला केनेट येऊन थेम्सला मिळते त्यामुळे दोन्ही हाताशी आहेत, पण नवख्याला थेम्सच्या रुंद पाण्यावर बसवू नका, कुठे टाकायचं हेच कळत नाही बिचाऱ्याला. लहान नदी बघा, चालत्या माणसाच्या वेगाने पाणी वाहतंय, चार ते सहा फूट खोल आहे, तळ खडीचा आहे, आणि खाली थोड्या अंतरावर विलोच्या झाडाच्या फांद्या पाण्यावर आल्यात, अशी जागा मिळाली की तिथेच बसायचं. निघायच्या आधी सरकारी साईटवर नदीची पातळी बघा. पाणी चढत असेल आणि चहासारखं झालं असेल तर घरीच थांबा, उतरायला लागलं आणि थोडा गढूळपणा राहिला की उत्तम. आभाळ असलेलं बरं.

सामान जास्त नको. १३ फुटी फ्लोट रॉड (फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण), साधं रीळ, तीन पौंडी लाइन म्हणजे तेवढा ताण सोसणारी दोरी, त्याला पुढे दोन पौंडाची हुकलेंथ, म्हणजे हुक बांधायचा बारीक तुकडा, १८ नंबरचा बिनकाट्याचा हुक. बिनकाट्याचाच घ्या, बऱ्याच क्लबांचा नियम तोच असतो आणि मित्राच्या अंगठ्यात घुसला तरी पटकन निघतो. स्टिक फ्लोट दोन-तीन मापांचे, बारीक शॉट (दोरीला लावायचे वजनाचे मणी), लँडिंग नेट, डिसगॉर्जर (माशाच्या तोंडातून हुक काढायची काडी). शॉट इथे शिशाचे मिळत नाहीत, अगदी बारीक सोडले तर १९८७ पासून बंदी आहे, हंस ते गिळून मरायचे म्हणून. आमिष म्हणून दोघांना तीन पाइंट मॅगट बास, लाल-पांढरे मिक्स, आणि एक छोटा डबा शिजवलेल्या हेंपच्या बियांचा. मॅगट थंड ठेवावे लागतात नाहीतर कोष करायला लागतात, पण घरच्या फ्रिजमधे ठेवायच्या आधी घरी विचारा. कूलबॉक्समधे बर्फाची बाटली घालून ठेवलेले बरे, संसार टिकतो.

बसल्या बसल्या लगेच गळ टाकायची घाई नको. आधी खोली मोजायची. हुकला प्लमेट लावायचं, म्हणजे छोटंसं वजन, आणि जिथे फ्लोट सोडणार त्या रेषेत अलगद सोडायचं. फ्लोट बुडाला तर तो दोरीवर वर सरकवायचा, आडवा पडला तर खाली, नुसतं टोक वर राहिलं की तीच खोली. मग दोन-तीन इंच जास्तीचे द्यायचे. दोन-चार ठिकाणी मोजलं की तळाचा नकाशा डोक्यात बसतो, कुठे खड्डा आहे, कुठे उंचवटा आहे, आणि मासे बहुतेक त्या उतारावर असतात. शॉट फ्लोट ते हुक सारख्या अंतरावर लावायचे, शर्टाच्या बटणांसारखे, म्हणजे मॅगट सावकाश आणि नैसर्गिक खाली जातो.

आता खरी गोष्ट, आणि दोघं जाण्याचा फायदा इथेच आहे. नदीत मासे जमवतो तो हुक नाही, चारा जमवतो, आणि चारा थांबला की मासे निघून जातात. एकटा माणूस काय करतो, मासा लागला की त्याच्यातच गुंततो, हुक काढतो, फोटो काढतो, दहा मिनिटं पाण्यात काहीच पडत नाही, मग म्हणतो आत्ता तर होते, गेले कुठे. म्हणून पहिले दोन-तीन तास दोघांत एकच रॉड. एकाने फ्लोट सोडायचा आणि दुसऱ्याने प्रत्येक वेळी आठ-दहा मॅगट, थोडे वरच्या अंगाला, म्हणजे ते बुडता बुडता फ्लोटच्या बरोबर खाली जातात. मूठभर एकदम नको, चिमूटभर सारखं. पहिला अर्धा तास काहीच लागणार नाही, मित्र मोबाईल काढेल, काढू दे, पण हात थांबता कामा नये. नंतर वेगवेगळे बसलात तर मित्राला खालच्या अंगाला बसवा, तुम्ही टाकलेलं वाहत त्याच्यापुढे जातं, त्याला मासे जास्त लागतात, आणि पहिल्या दिवशी तसंच व्हायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी येत नाही.

फ्लोट सोडताना रिळाचं बेल (दोरी अडवणारी तार) उघडं, बोटाच्या टोकावरून दोरी सुटत राहते. दोरी फ्लोटच्या मागे राहायला हवी, वाऱ्याने फुगून फ्लोटच्या पुढे गेली की फ्लोट काठाकडे ओढला जातो, अशा वेळी रॉडचं टोक उचलून दोरी परत मागे टाकायची. वारा खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट वाहत असेल तर दिवस सोन्याचा, प्रवाहाच्याच दिशेने असेल तर वैताग. मधेच एखाद्या ठिकाणी फ्लोट क्षणभर रोखून धरा, आमिष पुढे होऊन वर उचललं जातं आणि खूप वेळा चब तेव्हाच घेतो. डेसचा झटका टिचकीएवढा असतो, बोट दाबून लगेच मनगट उचलायचं, रोच जरा शांतपणे बुडवतो. फ्लोट बुडतच नाहीये पण मॅगट चोखून चिपाड होऊन येतोय असं झालं तर एक शॉट हुकच्या जवळ सरकवून बघा. चब मोठा असेल तर पहिल्या दोन सेकंदांत विलोच्या मुळांकडे पळतो, तेवढा वेळ रॉड आडवा धरून रोखा, नंतर तो नरमतो.

मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकटा निघतो. हुक खोल गेला असेल तर लाइन ताणून धरून डिसगॉर्जर तिच्यावरून सरकवत हुकपर्यंत न्यायचा, हलकं दाबायचं, की सुटतो. बार्बेल लागलाच तर तो जीव तोडून लढतो आणि दमतो, त्याला नुसता फेकायचा नाही, पोटाखाली हात देऊन डोकं प्रवाहाकडे करून धरायचा, कधी कधी बरीच मिनिटं, तो स्वतःच शेपटी मारून निघेपर्यंत.

मग मित्र विचारणारच, "हे सगळं सोडून द्यायचं? कालवण नाही?" कायद्याने नदीतले २० सेंटिमीटरपर्यंतचे छोटे मासे दिवसाला १५ घेता येतात, पण काठमालकाची परवानगी हवी आणि क्लब सहसा देत नाहीत. तसंही रोच म्हणजे नुसते काटे. बांगडा दुकानातून आणा.

जेवायच्या आधी मात्र हात साबणाने धुवा, पाण्याची बाटली वेगळी न्या त्यासाठी. नदीकाठी उंदीर असतात, त्यांच्या मुतातून लेप्टो होतो, हातावर कापलं असेल तर पट्टी लावूनच बसा. आपण थालीपीठ हाताने खाणारी माणसं, सॅंडविचवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त जपायला हवं. आणि वर विजेच्या तारा असतील तिथे रॉड उभा करू नका, कार्बनचा असतो, करंट येतो.

शेवटचा तास, उजेड उतरायला लागला की मोठे रोच खायला येतात, त्यामुळे तीन वाजता गुंडाळून निघू नका, हवं तर जेवण उशिरा करा. उरलेले मॅगट पाण्यातच टाका, तुटलेली लाइन बारीक कापून खिशात घालून घरी न्या, पक्षी अडकतात तिच्यात. आणि मॅगटच्या डब्याचं झाकण गाडीत ठेवायच्या आधी दोनदा बघा, डिकीच्या कार्पेटखाली गेले तर आठवडाभराने गाडीत माश्या निघतात, आणि तेव्हा नेमकी बायको चालवत असते.